साठा-वहीतली शेवटची नोंद

निनाद, इथे सही कर.
खाली तारीख घाल, आणि वेळही.
आपल्या धंद्यात वेळेशिवाय आकडा म्हणजे
पत्त्याशिवाय पाकीट.

कोबाल्ट साठ, एक नग.
आला तेव्हा नवाकोरा होता, मी अठ्ठावीसची.
तेव्हापासून सहा वेळा अर्धा झाला,
चौसष्टावा हिस्सा उरला.
चौसष्ट कलांमधली एक, असं समज.
माझ्याकडे कुठली उरली ते विचारू नकोस.

आयोडीन, निरंक.
ते साठ्यात कधी टिकलंच नाही.
तुर्भ्याहून निघायचं आणि पुणे स्टेशनात
आंब्याच्या पेट्यांखाली दोन दिवस पडून राहायचं.
आठ दिवसांत निम्मं होणाऱ्या मालाला
दोन दिवस म्हणजे काय, हे पार्सलवाल्याला कसं सांगणार?
रिक्षावाल्याने डब्यावरच्या तीन पाकळ्या पाहून विचारलं,
"पंख्याचा पार्ट का, बाई?"
मी हो म्हटलं.
गणेशखिंडीपर्यंत एक खड्डा लागू दिला नाही त्याने.

स्फटिकांच्या बाटल्या, बावन्न.
ही जांभळी, ही नारिंगी, ती हिरवी,
सगळा कोबाल्टच.
शेजारी कोण बसलंय त्यावर रंग ठरतो.
पहिल्या वर्षाच्या मुलांना हे पटकन कळतं.
मला उशिरा कळलं, सांगते.

शिशाच्या विटा, चाळीस.
आधी तीसच होत्या. तीन बाजू झाकल्या,
चौथीची फाइल मुख्य इमारतीत फिरत राहिली.

आणि सात महिने माझा वक्र उतरेना.
शेपटाशी यायचा आणि सपाट व्हायचा,
जसं काही आयोडीनच्या पोटात
कुणी दीर्घायुषी दडून बसलंय.
मी त्याला नाव द्यायच्या बेतात होते.
शोधनिबंध छापून आला. आईने पेढे वाटले,
कशाचे, ते तिला शेजारी सांगता आलं नाही.

फक्त रविवारी तो शहाण्यासारखा उतरायचा.
मला वाटे, सुट्टीच्या दिवशी माझा हात स्थिर असतो.
मग त्या वर्षी बकरी ईद बुधवारी आली,
आणि बुधवारही उतरला.

भिंतीपलीकडे काचकामाची खोली. शाकीर मुजावर.
माझे सगळे वाकडे चंबू त्याच्या फुंकरीतून आलेले.
त्याच्याकडे बापाचं लष्करी घड्याळ होतं,
रेडियमच्या काट्यांचं, खडकीच्या बाजारात घेतलेलं.
ज्योतीपुढे मनगट घामेजतं म्हणून
दहाला यायचा, खिळ्याला अडकवायचा,
सहाला काढून न्यायचा.
आणि मी मोठी काटेकोर!
पार्श्वभूमी रोज सकाळी सातला मोजायची,
इमारतीत कावळेसुद्धा नसताना.

निबंध मागे घेतला. चार ओळींचं पत्र,
त्यातली एक टंकलेखकाने तीनदा विचारून टाइप केली.
मुजावरला काही बोलले नव्हते,
तरी दुसऱ्या दिवशी घड्याळ माझ्या टेबलावर.
"तुमच्याकडे ठेवा, बाई.
माझ्याकडे नुसती वेळच दाखवतं."

हे बघ. वहीत नाही, कधी चढवलंच नाही.
दिवा घालव.
दिसत नाही ना? हिरवा रंग कधीच जळून गेला.
पण मोजयंत्र जवळ आण...
ऐकलंस?
आतलं रेडियम जवळपास तेवढंच आहे.
दाखवायची ताकद संपली, बोलायची नाही.
मुजावर जाऊन अकरा वर्षं झाली.

लिही माझ्या शाईने:
घड्याळ, नग एक. मालक शाकीर मुजावर, काचकाम विभाग.
शेरा:
पार्श्वभूमी पहाटेची धरू नये.
लोक कामाला आल्यावर मोजावी.